सेल्फ मारल्यावर आवाज येतो, पण नेमका कुठल्या क्षणाला?

निफाडकडच्या एका शेतकरी भाऊंचा प्रश्न आहे. डिझेल पिकअप, २०१६ ची, पावणेदोन लाख किलोमीटर झालेली. कांदा, द्राक्षं घेऊन पहाटे बाजार समितीला निघायचं असतं. सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) मारला की कधी नुसतं ‘टक’ होतं, कधी ‘खर्रर्र’ करून दात घासल्यासारखं, आणि गाडी सुरू झाली की पहिले दोन-तीन सेकंद ‘खडखड’. मग सगळं शांत, दिवसभर काही त्रास नाही. एक मिस्त्री म्हणतो सेल्फ नवा टाका, दुसरा म्हणतो इंजिन खोलावं लागेल. दोन महिन्यांपूर्वी ऑइल आणि फिल्टर बदललाय. काय करावं?

भाऊ, इंजिन खोलू नका आणि सेल्फही अजून विकत घेऊ नका. दोघा मिस्त्रींनी तुमचा आवाज ऐकला असेल, पण तो कधी येतो हे बहुतेक दोघांनी नीट विचारलं नाही. मिरजेजवळच्या माझ्या गॅरेजात पिकअपवाला आला की मी आवाजाची नक्कल करायला सांगत नाही. कारण नक्कल करताना प्रत्येक जण ‘खडखड’च म्हणतो, मग तो बेल्ट असो की बेअरिंग. मी विचारतो, चावी फिरवल्या फिरवल्या, इंजिन फिरत असताना, की इंजिनने स्टार्ट घेतल्यानंतर? अख्खी गोष्ट पाच सेकंदांची असते, पण त्यात वेगवेगळे भाग आळीपाळीने कामाला लागतात. ज्या क्षणी आवाज, त्या क्षणी कामाला असलेला भाग संशयित. एवढं धरून बसलात तर तुमचे तीन आवाज म्हणजे तीन वेगळी प्रकरणं आहेत हे लगेच दिसेल. त्यातलं एकही इंजिन खोलण्यापर्यंत जाईल असं मला आत्ता तरी वाटत नाही.

आधी ‘टक’ घेऊ. चावी फिरवली की बॅटरीचा करंट सेल्फच्या डोक्यावर बसलेल्या सोलेनॉइडला जातो. तो दोन कामं करतो: बेंडिक्सचा पिनियन (सेल्फच्या टोकाचं छोटं दातेरी चाक) पुढे ढकलून फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनमागच्या जड चाकाच्या, दातेरी रिंगमध्ये अडकवतो, आणि आतले तांब्याचे जाड पॉइंट जोडून मोटरला मोठा करंट देतो. तुम्हाला ऐकू येणारं ‘टक’ म्हणजे सोलेनॉइडने पहिलं काम केलं. मोटर फिरली नाही म्हणजे दुसरं काम अडलं.

यासाठी हेडलाइट लावून सेल्फ मारा आणि कोणालातरी समोर उभं करा (गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला; हे दर वेळी). लाइट पिवळट होऊन मंद झाला आणि ‘टकटकटकटक’ असा भराभर आवाज आला तर बॅटरी बसलीय किंवा वाटेत करंट अडतोय. लाइट पूर्णच विझला तर टर्मिनल सैल. लाइट तसाच झगझगीत राहिला आणि एकच ठसठशीत ‘टक’ आलं तर बिघाड सेल्फमध्ये: सोलेनॉइडचे पॉइंट जळालेत किंवा कार्बन (मोटरला करंट पोचवणारे ब्रश) झिजलेत. कार्बन झिजले असतील तर सेल्फच्या अंगावर पान्याच्या दांड्याने हलकं टिचकवलं की तो एखाद्या वेळी फिरतो. हलकं म्हणतोय मी. हल्लीच्या बऱ्याच सेल्फमध्ये आत कायमचे चुंबक चिकटवलेले असतात, हातोडा घातला की ते तडकतात. मग दोनशे रुपयांच्या कार्बनचं काम नव्या सेल्फवर जातं.

तुमचं ‘टक’ फक्त पहाटे येतं, दुपारी येत नाही. त्यामुळे माझा पहिला संशय तारांवर आहे. निफाडची थंडी मी सांगायला नको, लाटेत पारा पाच अंशांच्याही खाली जातो तुमच्याकडे. थंडीत बॅटरी कमी करंट देते, आणि त्याच वेळी ऑइल घट्ट झाल्यामुळे सेल्फला जास्त करंट लागतो. दिवसा जे कसंबसं चालून जातं ते पहाटे उघडं पडतं.

याचं गणित छोटं आहे. डिझेल इंजिन फिरवताना सेल्फ सहज दोनशे-अडीचशे अँपियर ओढतो. वाटेतल्या एखाद्या गंजक्या जोडात फक्त ०.०१ ओहमचा अडथळा असला तरी २५० गुणिले ०.०१, म्हणजे अडीच व्होल्ट तिथेच खर्च. बारा व्होल्टांतले अडीच गेल्यावर सेल्फ काय फिरणार? आणि गंमत म्हणजे हाच जोड हॉर्नला, लाइटला, रेडिओला पुरतो, म्हणून गाडीवाला छातीठोकपणे सांगतो की बॅटरी नवी आहे, सगळं चालतंय.

साधा मल्टीमीटर चार-पाचशे रुपयांत मिळतो. रात्रभर उभी असलेली गाडी, बॅटरीच्या दोन खांबांवर मीटर: १२.६ असेल तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे अर्धीच. आता सेल्फ मारताना आकडा बघा. साडेनऊच्या खाली कोसळला तर बॅटरी किंवा तिचं चार्जिंग बघा. दहाच्या वर राहिला आणि तरी सेल्फ रडत फिरतोय, तर पुढची तपासणी करा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनस खांबावर, खांबाच्या शिशावरच, क्लॅम्पवर नको. दुसरं टोक इंजिनच्या उघड्या धातूवर, रंग नसलेल्या जागी. सेल्फ मारा. मीटरवर जो आकडा येईल तेवढे व्होल्ट अर्थिंगच्या (बॅटरीचा मायनस इंजिन-चॅसिसला जोडणाऱ्या) तारेत वाया जातात. ०.२-०.३ पर्यंत ठीक. अर्धा व्होल्ट ओलांडला की अर्थिंग दोषी. तसंच प्लस खांबापासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत. तिथे अर्धा व्होल्टपर्यंत चालवून घ्या. मीटर नसेल तर गावठी पद्धत: तीन-चार वेळा सेल्फ मारून लगेच एकेक जोडाला हात लावत जा. जो जोड कोमट लागेल तो चोर.

हे मी पोटतिडकीने लिहितोय, कारण या चुकीत माझे स्वतःचे पैसे गेलेत. नवीन-नवीन गॅरेज टाकलं होतं. दुधाच्या गाडीचा सेल्फ मी दोनदा उतरवला, बुश टाकले, कार्बन टाकले, आर्मेचर तपासून घेतलं. टेबलावर बॅटरी लावली की सेल्फ वाघासारखा फिरायचा, गाडीत बसवला की ‘टक’. तिसऱ्या दिवशी गाडीखाली निजून वर बघताना गिअरबॉक्सजवळची विणलेली अर्थिंगची पट्टी दिसली. वरून अगदी धडधाकट. बोल्ट ढिला केला तर खाली चॅसिसचा रंग तसाच, त्यावर गंज, आणि पट्टीच्या विणीतून हिरवी भुकटी हातावर आली. पॉलिश पेपरने घासून परत आवळली. दूधवाला दहा मिनिटांत गाडी घेऊन गेला आणि मी दोन दिवसांची मजुरी मागायला तोंड उघडलं नाही.

तेव्हा बॅटरीचे दोन्ही क्लॅम्प काढून खांब आणि क्लॅम्प आतून चकचकीत होईपर्यंत घासा. मायनस आधी काढायचा आणि शेवटी लावायचा, म्हणजे पाना बॉडीला लागून ठिणगी पडणार नाही. पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवा. शेवटी वरून थोडी पेट्रोलियम जेली. मग इंजिन ते चॅसिस, बॅटरी ते चॅसिस अशा दोन्ही अर्थिंग पट्ट्या उघडा. तुमच्या पिकअपवर कांद्याची माती, फवारणीचे थेंब, पावसाचं पाणी सगळंच पडत असणार; पट्ट्या चांगल्या निघाल्या तरच मला नवल वाटेल.

आता ‘खर्रर्र’. हा आवाज ऐकायला सगळ्यात भयंकर आणि ओळखायला सगळ्यात सोपा. पिनियनचे दात रिंगच्या दातांत नीट बसत नाहीत, घासून परत येतात. प्रश्न एवढाच की दोष पिनियनचा की रिंगचा. एक नुसता भिर्रर्र असा हलका आवाज असतो, मोटर फिरते पण इंजिन हलतच नाही. तो वेगळा: पिनियन पुढे गेलाच नाही किंवा बेंडिक्सचा एकेरी क्लच घसरतोय. ते सेल्फचंच काम, त्यात वाद नाही.

तुमचा मात्र घासल्याचा आवाज आहे आणि तोही ‘कधी कधी’. या ‘कधी कधी’मध्येच उत्तर आहे. चार सिलिंडरचं इंजिन बंद करताना कुठेही थांबत नाही. कॉम्प्रेशनवर येणारा पिस्टन त्याला अडवतो, म्हणून ते दर वेळी फिरून-फिरून जवळजवळ त्याच दोन जागांवर थांबतं, एकमेकींच्या समोरासमोर. पावणेदोन लाख किलोमीटर, त्यात तुमचं बाजाराचं चालू-बंद, चालू-बंद. हजारो वेळा पिनियनने त्याच दोन जागच्या दातांवर आपटी खाल्लीय. बाकीची रिंग नवी आणि दोन ठिकाणी दात चाटून-पुसून गेलेले, असं चित्र असतं. इंजिन त्या खराब पट्ट्यात थांबलं तर खर्रर्र, जरा पुढे-मागे थांबलं तर काहीच नाही.

खात्री करायला दमडी लागत नाही. पुढच्या वेळी खर्रर्र आला की लगेच दुसऱ्यांदा चावी मारू नका. चावी बंद करून बाहेर काढा, सपाट जागेवर गाडी टॉप गिअरला टाका, हँडब्रेक सोडा आणि दोघांनी मिळून गाडी हातभर पुढे ढकला. इंजिन थोडं फिरतं. हँडब्रेक लावा, न्यूट्रल करा, आता सेल्फ मारा. गोडीत सुरू झाली तर रिंग दोषी, लिहून देतो. ढकलूनही खर्रर्र तसाच राहिला तर सेल्फ उतरवा आणि पिनियनच्या दातांची टोकं बघा. सेल्फचे दोन-तीन बोल्टही आधी हलवून बघा. ते ढिले असले तर सेल्फ वाकडा बसतो आणि चांगले दातही खातो. हे मी निदान चार गाड्यांत पाहिलंय आणि चारही वेळा आधी कोणीतरी सेल्फ काढून बसवलेला होता.

सेल्फ उतरवलाच तर त्या भोकातून बॅटरी (हातातली) मारून रिंग बघा. एकाने पाना घालून क्रँकपुली सावकाश फिरवायची, दुसऱ्याने दात मोजत बसायचं. खराब पट्टा आला की अंधारातही कळतो: दातांची एक बाजू तिरकी, टोकाला चमक. नवा सेल्फ या रिंगवर बसवला तर त्याचा नवा पिनियन पाच-सहा महिन्यांत तसाच होईल. म्हणूनच तुम्हाला म्हटलं, सेल्फ घ्यायची घाई नको.

गाडी सुरू झाल्यावरही सेल्फचा किंकाळीसारखा आवाज चालूच राहिला, चावी सोडली तरी थांबेना, तर मात्र इंजिन ताबडतोब बंद करा. पिनियन परत आलेला नाही, इंजिनच त्याला फिरवतंय. इंजिन बंद करूनही सेल्फ फिरतच असेल तर बॅटरीचा मायनस काढायचा, विचार नंतर.

तिसरा आवाज, सुरू झाल्यावरची खडखड. इथे दुसऱ्या मिस्त्रीने इंजिन खोलायची भाषा केली असणार. दोन-तीन सेकंदांत थांबणारी खडखड म्हणजे बहुतेक वेळा ऑइल वर पोचायला लागलेला वेळ. रात्रभरात ऑइल खाली चेंबरमध्ये उतरतं. पंप ते परत वर चढवेपर्यंत हायड्रॉलिक टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारे) आणि टायमिंग चेनचा टेन्शनर (चेन ताणून धरणारा) रिकामे असतात, दोघेही ऑइलच्या दाबावर ताठ होणारे. दाब आला की आवाज गेला.

आता तुम्ही एक गोष्ट सांगितलीत, दोन महिन्यांपूर्वी फिल्टर बदलला. खडखड त्याच्या आधीपासून आहे की नंतर सुरू झाली? नंतर असेल तर मी शंभर वेळा फिल्टरवरच बोट ठेवेन. चांगल्या फिल्टरच्या तोंडाशी रबराची एक चकती असते, ती ऑइल फिल्टरमधून मागे उतरू देत नाही. बाजारातल्या स्वस्त फिल्टरमध्ये ही चकती कडक असते, कधी बसतच नाही. फिल्टर आडवा किंवा उलटा बसणाऱ्या इंजिनात मग रात्रीत फिल्टर रिकामा होतो आणि सकाळी पंपाला आधी तो भरावा लागतो. (तोंड वर करून उभा बसणारा फिल्टर तसाही भरलेला राहतो, तिथे या चकतीला दोष देऊ नका.) सकाळी गाडी सुरू न करता फिल्टर खोला. हलका, अर्धा रिकामा निघाला तर कारण हातात आलं. कंपनीच्या मापाचा चांगला फिल्टर टाका, डिपस्टिकवर ऑइल बघा, आणि गाडीच्या पुस्तकात सांगितलेलं ऑइलच आहे ना याची खात्री करा. मागच्या वेळी सुट्टं ऑइल भरलं असेल तर ते काढूनच टाका.

फिल्टर बदलूनही खडखड राहिली आणि ती इंजिनच्या पुढच्या बाजूने येत असेल, तर चेन आणि टेन्शनर बघावे लागतील. ऐकायला लांब स्क्रू-ड्रायव्हर पुरतो: टोक टायमिंग कव्हरवर, मूठ कानामागच्या हाडाला. फॅन आणि बेल्टपासून लांब राहा, बाही आणि मफलर आवरून. हे टाळू नका. ढिली चेन एखादा दात सुटून पुढे गेली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि मग खरंच इंजिन खोलावं लागतं. पण तिथपर्यंत अजून दोन पायऱ्या आहेत.

घाबरायची वेळ कुठली तेही सांगतो. ऑइलचा लाल दिवा सुरू झाल्यावर दोन-तीन सेकंदांत विझायला हवा. तो रेंगाळत असेल, आणि आवाज खडखड नसून खोल, जड ‘ठक ठक’ असेल, ॲक्सिलरेटर दिला की वाढत असेल आणि इंजिन गरम झाल्यावरही जात नसेल, तर बिग एंडचं, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथलं, बेअरिंग आहे. त्या गाडीने बाजार समितीही गाठू नका, टोइंग लावा. क्रँकवर चरे पडल्यावरचा खर्च आणि नुसत्या बेअरिंगचा खर्च यात फार अंतर आहे.

बाकी दोन-चार आवाज, तुमचे नसले तरी विचारले जातात म्हणून. गाडी सुरू होताच किंचाळणारा बेल्ट: त्याच्यावर चालू गाडीत लांबून पाण्याचा फवारा मारा. आवाज वाढला तर बेल्ट ढिला पडून घसरतोय, आवाज गेला तर पुलीची लाइन तिरकी. सुरू होताना आणि बंद करताना एक ‘धाड’ बसत असेल तर इंजिनचं फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसतं ते रबर) फाटलंय. पहाटे पंख्याचा जोरात घोंगावणारा आवाज मिनिटभर येऊन जात असेल तर तो व्हिस्कस फॅनचा, त्याला हात लावू नका. क्लच दाबला की येणारा आवाज क्लच बेअरिंगचा, आणि दाबला की जाणारा गिअरबॉक्सच्या इनपुट बेअरिंगचा. सुरू झाल्यावर टणटण ठोका आणि मागून पांढरा धूर, मिनिटात साफ: हीटर प्लग (थंड इंजिनात सिलिंडर तापवणारे) तपासा.

इथे जुन्या मिस्त्रींना एक विनंती. पूर्वी ठोका कुठल्या सिलिंडरचा हे बघायला आपण एकेका इंजेक्टरच्या पाइपचं नट सैल करायचो. कॉमन रेल गाडीत (एकाच मोठ्या दाबाच्या नळीतून सगळ्या इंजेक्टरना डिझेल जातं ती) हे कधीही करू नका. टायरमध्ये चार बारच्या आसपास हवा असते, त्या पाइपमध्ये डिझेल हजार बारच्याही वर जातं. बारीक धार कातडीतून आत घुसते आणि बाहेरून नुसता टिंब दिसतो. बोट गेलेला माणूस मी पाहिलाय.

आणि एक आवाज पावसाळ्याचा. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीत कृष्णेचं पाणी शिरलं, ते ओसरल्यावर महिनाभर आमच्याकडे हेच काम होतं. पाण्यात उभी राहिलेली गाडी, मालकाने उत्साहाने सेल्फ मारला, ‘ढप्प’ करून इंजिन जागच्या जागी अडकलं. सिलिंडरमध्ये पाणी, पाणी काही दाबलं जात नाही. ज्यांनी तिथेच चावी सोडली त्यांची इंजिनं इंजेक्टर काढून, पाणी उडवून, ऑइल बदलून वाचली. ज्यांनी धक्का मारून सुरू करायचा हट्ट धरला त्यांच्या कनेक्टिंग रॉड वाकल्या. एक तर केळीसारखी.

तर तुमचा क्रम असा लावा. या रविवारी टर्मिनल आणि अर्थिंग, खर्च जवळजवळ शून्य. मग चांगला ऑइल फिल्टर. या दोन्हींनंतर पंधरा दिवस गाडी वापरा. ‘टक’ आणि खडखड जावेत असा माझा अंदाज आहे. खर्रर्र मात्र राहील, तो ढकलून तपासा. रिंगच निघाली तर गिअरबॉक्स उतरवणं आलं. हंगामाच्या ऐन मध्यात ते करू नका, द्राक्षं संपू द्या. तोवर खर्रर्र आला की टॉपला टाकून हातभर ढकलायचं. गिअरबॉक्स उतरला की क्लच प्लेट आणि क्लच बेअरिंग त्याच मजुरीत बघून घ्या.

रिंग बदलताना फ्लायव्हीलवरून जुनी ठोकून काढतात आणि नवी तापवून, फुगलेली असताना बसवतात. थंड झाली की ती आवळून बसते. नवी मिळाली नाही तर जुनीच रिंग तापवून पाव फेरा फिरवून बसवायचा जुगाड आमच्याकडे चालतो. खराब पट्टे इंजिनच्या थांबायच्या जागेवरून हटतात आणि पिनियनला कोरे दात मिळतात. मात्र क्रँक सेन्सर (क्रँक कुठे, किती वेगात फिरतोय ते कळवणारा) रिंगचेच दात वाचत असेल तर हे करू नका. सेन्सर कुठे बसलाय ते आधी मिस्त्रीला दाखवायला लावा, मगच त्याला रिंग तापवायला सांगा.